चोराला न पेलणारा नांगर

फखरुद्दीनच्या बोटीचा नांगर शुक्रवारी दुपारी खाडीत गेला आणि त्याच दिवशी संध्याकाळी चोरीला गेला. खाडीत तो खरोखरच गेला होता. चोरीला मात्र तो नारपोलीतल्या घराचा जिना चढता चढता, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी गेला.

त्याचं असं झालं. भिवंडीतल्या त्याच्या कापडाच्या कारखान्यातल्या बारा लूमपैकी आठ भंगारात निघाले, पूर्णा गावच्या विकलेल्या जमिनीवर दुसऱ्याचं गोदाम उभं राहिलं आणि साठीच्या फखरुद्दीनला करण्यासारखं काही उरलं नाही. अशा वेळी समजूतदार माणसं आजारी पडतात. त्याने बोट घेतली. पांढरी, फायबरची, चार-सहा माणसांची. पुढच्या बाजूला हिरव्या अक्षरांत ‘रुकय्या’. ज्या बायकोचं हे नाव, तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. दर शुक्रवारी नमाजनंतर तो खाडीत जाई, गोदामातल्या ड्रायव्हरांना आपण नीट दिसू अशा एका ठरलेल्या जागी, काठाजवळच नांगर टाकी आणि सात समुद्र पालथे घालून आल्यासारखा थर्मासमधला चहा पीत बसे.

नांगराची दोरी आखूड पडत होती, म्हणून त्या शुक्रवारी त्याने तिला दुसरी दोरी जोडली. जोडली ती लूमवरच्या गाठीने. तुटलेला धागा जोडायची ही गाठ फखरुद्दीन एका हाताने अशी मारे, की शेजारच्या कारखान्यातले कारागीर बघायला येत. कापडात दिसू नये म्हणून या गाठीची शेपटं कात्रीने मुळापासून उडवायची असतात. सवयीने त्याने दोरीचीही उडवली. सुताला हे चालतं. गुळगुळीत नायलॉनने पहिल्याच हिसक्याला गाठ सोडून दिली आणि फखरुद्दीन रिकामी दोरी हातात धरून, चहाचा कप सांभाळत, कशेळीच्या दिशेने वाहत गेला.

चाळीस वर्षांत ज्याची गाठ सुटली नव्हती, त्याने घरी काय सांगायचं?

“चोरीला गेला,” तो रुकय्याला म्हणाला.

“नांगर? पाण्यातून?”

“भिवंडीत काय चोरीला जात नाही?”

रुकय्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “ऐका, जोहाचे अब्बा. त्या बोटीतलं अजून काही चोरीला गेलं ना, तर बोट विकून टाकायची. माझ्या नावावर चोऱ्या नकोत मला.”

 त्या बोटीत बसलं की आपण अजून कशाचे तरी मालक आहोत असं फखरुद्दीनला वाटायचं. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता तर सांगण्याची सोयच राहिली नाही.

नवा नांगर कसला घ्यावा हे त्याने आधी केसरीनाथला विचारलं. केसरीनाथ पूर्ण्याचा, सगळी हयात खाडीत काढलेला, बोटीवर लक्ष ठेवणारा.

“पयला काय वाईट व्हता, शेट? हलका, दोन पात्यांचा. चिखलात रुततो, वर वढला का सुटतो. तसाच घ्या. दोरी लांब ठेवा. आन् गाठ मी मारीन.”

“गाठीचा काय संबंध? चोरीला गेलाय तो.”

“मंग न्हाय मारत,” केसरीनाथ म्हणाला आणि बिडी पेटवून पाण्याकडे बघत बसला.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, पण रुकय्याचा धाकटा भाऊ अरशद मध्ये पडला. अरशद गोदामांना वॉचमन पुरवायचा. त्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, सापडलेले चोर आणि न सापडलेले.

“दुल्हाभाई, हलका नांगर म्हणजे चोराला दावत. असा पाहिजे की चौघांनाही उचलता येऊ नये.”

“मग आपल्याला कसा उचलणार?”

“आधी चोराचा विचार करा. आपलं नंतर बघू.”

खरं सांगायला हा मुहूर्त उत्तम होता. फखरुद्दीनने तो वाया घालवला आणि दोघं नांगराच्या शोधात मुंबईला, जहाजांच्या भंगाराच्या बाजारात, दारूखान्यात गेले. अरशदची परीक्षा सोपी होती. नांगर काखेत मारायचा आणि दुकानाच्या दाराकडे चालायला लागायचं. दारापर्यंत पोचलं तर नांगर नापास. सात नांगर नापास झाले. आठवा काखेत घेऊन तो थेट रस्त्यावर पोचला तेव्हा दुकानदाराने त्याची कॉलर धरली. मनासारखा नांगर मिळाला नाही, पण चोर किती सहज पळवू शकतो हे सिद्ध झालं म्हणून अरशद खूश होता.

शेवटी नांगर घरातच निघाला. कारखान्याच्या मागे एका मोडक्या लूमची बाजूची फ्रेम पडून होती, बिडाची, अवजड. अरशदने ती उचलून पाहिली, कमरेत उसण भरली, आणि फ्रेम पास झाली. दोरी चोर कापेल, म्हणून साखळी आली. साखळी चोर सोडेल, म्हणून ती बोटीच्या कडीत अडकवून कुलूप घालायचं ठरलं. चावी चोर पळवेल, म्हणून ती नारपोलीला घरच्या कपाटात ठेवली गेली.

केसरीनाथने साखळी पाहिली, कुलूप पाहिलं. “बांधलं झ्याक. सोडनार कसं?”

अरशदने कुलूप आणखी एकदा ओढून पाहिलं.

रविवारी सकाळी भरतीच्या वेळी चार कारागिरांनी फ्रेम बोटीच्या तोंडाशी चढवली. बोटीने मान खाली घातली. कारागीर उतरले आणि नवा बंदोबस्त बघायला रुकय्या बिर्याणीचा डबा घेऊन चढली. त्याच ठरलेल्या जागी अरशद आणि फखरुद्दीनने फ्रेम पाण्यात ढकलली, कुलूप लावलं, आणि रुकय्यासकट सगळे नखशिखांत भिजले. पण बोट जागची हलेना.

“बघ,” फखरुद्दीन म्हणाला. “हलतेय का जरा तरी?”

“बरी आहे,” रुकय्या म्हणाली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती; ती यापेक्षा जास्त कौतुक करत नसे हे त्याला माहीत होतं. बिर्याणी त्याला त्या दिवशी फार गोड लागली.

मग ओहोटी लागली. निघायला हवं म्हणून दोघांनी साखळी ओढली. फ्रेम चिखलात मुक्कामालाच गेली होती. फखरुद्दीनने कुलपाकडे बघितलं, मग अरशदकडे.

“चावी?”

“एकदम सेफ आहे, दुल्हाभाई. घरी कपाटात.”

अरशद पॅन्ट वर करून चिखलातून काठाला गेला. एक बूट चिखलाने ठेवून घेतला. पुढे अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकने त्यालाही ठेवून घेतलं. इकडे पाणी ओसरलं आणि बोट चिखलात कुशीवर कलंडली. काठावर ड्रायव्हर गोळा झाले. त्यांतल्या एकाने काळजीने विचारलं, “सेठ, पंक्चर हुआ क्या?”

तासाभराने चिखल आणखी उघडा पडला आणि बोटीपासून दहा पावलांवर दोन पाती दिसू लागली. पहिला नांगर जसा टाकला होता तसा रुतून बसला होता, हातभर दोरीसकट. केसरीनाथ पाना घेऊन चिखल तुडवत येत होता. वाटेत त्याने नांगर उपटला आणि बोटीत आणून ठेवला.

“चोर इमानदार व्हता, शेट. जागच्या जागी ठिवून गेला.”

रुकय्याने दोरीचं टोक हातात घेतलं. तीही लूमवाल्यांच्याच घरातली. “शेपूट कात्रीने उडवलंय,” ती म्हणाली. “चोर आपल्याच कारखान्यातला दिसतो.”

फखरुद्दीन एका बगळ्याकडे बघत राहिला. केसरीनाथने बोटीच्या कडीचे दोन नट पान्याने सोडवले. कडी, कुलूप आणि साखळी एकामागून एक चिखलात उतरली. चोराविरुद्ध केलेला सगळा बंदोबस्त सुटायला दोन मिनिटं लागली. भरती आल्यावर बोट आपोआप उचलली गेली आणि सगळे काठाला लागले.  

दुसऱ्या दिवशी अरशद चावी बोटात फिरवत चहाला आला. “मी पोचलो तर बोट काठाला, तुम्ही गायब. नांगर कुठाय?”

फखरुद्दीनने तोंड उघडलं. पण रुकय्या आधी बोलली.

“चोरीला गेला.”

“कुलपासकट?”

“कडीसकट.”

चहाचा कप ठेवून ती नवऱ्याकडे बघत उभी राहिली. ही दुसरी चोरी होती. गप्प बसलं तर अब्रू वाचत होती आणि बोट जात होती.  फखरुद्दीनने कप खाली ठेवला.

“कोणी काही चोरलं नाही. तो पण खाडीत होता, हा पण खाडीत आहे. पहिल्याची गाठ मी मारली होती. सुटली.”

अरशदने कणवेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमची गाठ? सुटली? दुल्हाभाई, चोरांना इतकं घाबरू नका. धमकी आली का?”

“अरे, खरं सांगतोय मी.”

“समजलो. नाव नका घेऊ. आजपासून बोटीवर माझा वॉचमन, दोन शिफ्टमध्ये.” आणि तो फोन कानाला लावत जिना उतरून गेलासुद्धा.

“तू तरी सांग त्याला,” फखरुद्दीन बायकोला म्हणाला.

रुकय्या कप गोळा करू लागली. “बोट राहू दे. पण गाठ केसरीनाथ मारेल.”

त्याने मान डोलावली. “आणि तो वॉचमन?”

“तोही राहू दे,” ती म्हणाली. “तुमच्यावर लक्ष ठेवायला माणूस पाहिजेच होता.”