मासवडी खाऊन कुणी मरत नाही

मेलेल्या माणसाला डायलॉग पाठ करावे लागत नाहीत, एवढ्या एकाच हिशेबाने मी सिनेमात प्रेत व्हायला होकार दिला. (आळशी माणूस सहसा कशाची घाई करत नाही. करतो तेव्हा ती अशी महागात पडते.)

सिनेमा म्हणजे मोबाइलवर काढलेला, पाव तासाचा. चाकणच्या आमच्या कंपनीत यंदा स्नेहसंमेलनासाठी प्रत्येक डिपार्टमेंटने एक लघुपट करायचा, असं एचआरच्या हर्षालीमॅडमनी फर्मान काढलं. आमचं डिपार्टमेंट क्वालिटीचं. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेणारी आम्ही माणसं. स्वतः काही बनवायची वेळ आली की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतात. अपवाद ज्ञानेशचा. हा दिवसभर गिअर मोजतो आणि मनातल्या मनात सिनेमे काढतो. त्याच्याकडे कथा तयारच होती. पंचतारांकित हॉटेलातला एक नामांकित शेफ ताटात तोंड खुपसून मेलेला सापडतो. पदार्थात विष असतं. मग इन्स्पेक्टर (म्हणजे ज्ञानेश स्वतः) येतो आणि पाच वेळा 'का' विचारून खुनी शोधतो. आमच्याकडे एखादा नट ढिला निघाला तरी पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे, तेव्हा खुनालाही तीच लावली.

"मुरारीभाऊ, शेफ तुम्हीच," ज्ञानेश म्हणाला.

"मीच का?"

"पोट बघा ना राव. खात्यापित्या घरचं वाटतं."

पहिल्याच 'का'ला मूळ कारण सापडलं, त्यामुळे पुढचे चार मी विचारले नाहीत.

शूटिंग रविवारी, मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ठरलं. विष घालायला ज्ञानेशला असा पदार्थ हवा होता, जो मोठ्या हॉटेलच्या ताटात कुणी पाहिला नसेल. मी फुशारकीने म्हणालो, "आमच्या सासूबाईंची मासवडी." बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, गुंडाळी करून वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यासोबत खायच्या. राजगुरुनगरच्या पलीकडच्या आमच्या सासुरवाडीत लग्नाची हळद कुणाच्याही घरची असो, पंगतीला मासवडी कौशल्याबाईंचीच असते. मी त्यांना फोन करून सांगितलं की तुमची मासवडी सिनेमात घ्यायची आहे. सिनेमाची बाकीची गोष्ट मी सांगितली नाही. (त्यांनीही विचारली नाही, हा माझा बचाव पुढे कुणी ऐकून घेतला नाही.)

सासूबाई घरच्या डाळीचं पीठ घेऊन सकाळीच हजर झाल्या. आल्या आल्या माझ्या बायकोला, विजयश्रीला, म्हणाल्या, "बरं झालं बाई, शिनेमा निघाला. आपल्या सयाजीमामाच्या तेजलची हळद आलीया. नवऱ्याकडची मंडळी दापोडीची. ती म्हनत्यात, मासवडी-बिसवडी नको, केटरर लावा. सयाजी अडून बसलाय खरा, पन त्यांचा शेवटचा शबुद अजून यायचाय. शिनेमात मासवडी बघितली की गप बसत्याल."

त्या आनंदाने थापायला बसल्या, आणि बाकीची गोष्ट सांगायचं मी आणखी थोडं पुढे ढकललं.

दुपारी ताट मांडलं. ज्ञानेशने परातीएवढ्या पांढऱ्या प्लेटमध्ये दोन वड्या ठेवल्या आणि कडेने रश्श्याचे तीन थेंब टाकले. सासूबाई बघतच राहिल्या.

"बाकीचं कवा वाढनार?"

"मावशी, मोठ्या हॉटेलात एवढंच देतात."

"मंग तिथं मानूस उपाशीच मरायचा की," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून कॅमेऱ्यामागच्या खुर्चीत बसल्या.

मी एक वडी खाल्ली. (दोन खाल्ल्या. तालमीत तीन.) मग गळा धरला, डोळे फिरवले आणि प्लेटमध्ये तोंड टाकलं. ज्ञानेश "कट" म्हणाला, खुनी व्हायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं म्हणून आलेल्या हर्षालीमॅडमनी टाळ्या वाजवल्या.

"मुरारीराव का पडलं?" सासूबाईंनी विचारलं.

"मेले ते, आई. सिनेमात," विजयश्री म्हणाली.

"कशानं?"

मी तर मेलेलोच होतो, आणि तसंच राहणं मला सुरक्षित वाटलं.

"मासवडी खाऊन," ज्ञानेश निरागसपणे म्हणाला.

सासूबाई उठल्या. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात. "माज्या मासवडीनं मानसं दुखन्यातनं उठल्यात. मेलं कुनी न्हाई."

"अहो आई, मासवडीने नाही, विषाने मरतो," मी रश्श्यातून तोंड वर काढून म्हणालो. "ते या हर्षालीमॅडम टाकतात."

"ताट कुनाचं हाय?"

"तुमचं."

"मंग लोक काय म्हनत्याल, बाईंची मासवडी झ्याक व्हती, ईख तेवढं वाईट निघालं? दापोडीवाल्यांच्या मोबाइलवर ह्ये गेलं, तर तेजलच्या हळदीला माजं पातेलं चुलीवर चढंल का? आन एकदा एका हळदीचं गेलं, की गावात परत कोन बोलावतंय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मनापासून वाईट वाटलं. बाईंनी आयुष्यभर त्या पातेल्यावर नाव कमावलं होतं, आणि मी डायलॉग पाठ करायचा कंटाळा करून ते घालवायला निघालो होतो.

"मासवडी टेबलावर राहू दे," मी म्हणालो. "मी दुसरं काहीतरी खाऊन मरतो."

"भाकरी खाऊन मरा की," ज्ञानेशने सुचवलं.

"भाकरी मी थापलीय," विजयश्री म्हणाली. तिच्या आवाजानेच तो विषय संपला.

"मग ठेचा?"

ठेचा शेजारच्या शालनबाईंचा होता आणि त्या दारातच उभ्या होत्या. "आमच्या ठेच्यानं डोळ्यातून पाणी येतंय. जीव जात नाही. नाव घेऊन तर बघा."

"मग साधं पाणी?" हर्षालीमॅडम म्हणाल्या.

शालनबाईंचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी. "पाण्याला नावं ठेवायची नाहीत," त्या म्हणाल्या. "आधीच मीटिंगा फार होतात."

मग विजयश्रीने माझ्याकडे पाहिलं. तिचं बघून शालनबाईंनी, त्यांचं बघून सासूबाईंनी.

"तुमचा उपमा करा," विजयश्री म्हणाली.

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मागे ती तापाने झोपली असताना मी उपमा केला होता, तेव्हा एक घास खाऊन ती तडक उठून स्वयंपाकाला लागली होती. तो उपम्याचा गुण, असं मी आजवर समजत होतो.

मी कंपनीच्या शिस्तीने कामाला लागलो. रवा मोजून घेतला, मीठ मोजून घेतलं. पाणी मोजायचं राहिलं. उपमा कढईतून एकसंध निघाला, थेट कढईच्या आकाराचा. ज्ञानेशने त्यावर चमचा वाजवून पाहिला आणि आदराने माझ्याकडे बघितलं. सुरीने नीट चौकोन कापला, वर कोथिंबिरीचं एक पान ठेवलं. दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी खरोखर पंचतारांकित दिसलं.

टेक सुरू झाला. मी घास घेतला, गळा धरला (अभिनयाची गरज पडली नाही) आणि तोंड टाकलं. रश्श्यावर पडणं वेगळं आणि उपम्यावर आपटणं वेगळं. माझं नाक सुजलं. उपम्याचा कोपराही हलला नाही. सासूबाईंनीच धावत येऊन नाकाला हळद लावली.

हर्षालीमॅडम हातात बाटली घेऊन ताटकळत होत्या. "मी विष आता टाकू का?"

सासूबाईंनी उपम्याकडे नीट बघितलं. "कशाला पोरी, वाया घालवतीस?"

अशा रीतीने सिनेमातलं विष गेलं, विषाबरोबर खुनी गेला. उरलेल्या सिनेमात इन्स्पेक्टर तपास करता करता मासवडी-भाकरी चापतो, एवढंच. संमेलनात ज्ञानेशने पडद्यावरून विचारलं, "शेफ मेला, का?" तेव्हा अख्ख्या कँटीनने बसल्या जागेवरून "उपमा" असं उत्तर दिलं. पाच 'का' एकातच आटोपले. कंपनीत त्या दिवसापासून मी डबा उघडला की सगळे जरा लांब बसतात.

क्लिप गावाला गेली आणि गावाहून दापोडीला. सासूबाई आमच्याकडेच मुक्कामाला राहिल्या होत्या. मोबाइल समोर ठेवून बसायच्या, जेवणावर लक्ष नव्हतं. अखेर सयाजीमामांचा फोन आला. आम्ही सगळे सासूबाईंभोवती जमलो.

"व्हय... व्हय... न्हाई, त्याची तू काळजी नगं करू," असं म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला. चेहरा फुलला होता. "केटरर रद्द. सगळ्या पंगतीला मासवडी. त्यो इन्स्पेक्टर बोटं चाटत व्हता, त्ये बघून त्यांच्या तोंडाला पानी सुटलं."

मीही खूश झालो. म्हटलं, शेवटी नाक कारणी लागलं. "आणि काळजी कसली म्हणत होते?"

"दापोडीवाल्यांनी एक अट घातलीया. हळदीच्या दिशी जावयाला चुलीपाशी फिरकू द्यायचं न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी आशेने विचारलं. काही झालं तरी त्या माझ्या सासूबाई.

"म्हनलं, लेकीचं लगीन झाल्यापासनं आमी त्येच करतोय."