दुसरा रॉली स्टँकस

रॉली स्टँकसने कुगेलिसची बशी न उष्टावता परत सरकवली, तेव्हाच अर्लीनने ओळखलं की आपल्या नवऱ्याने काहीतरी घोळ घातला आहे. किसलेल्या बटाट्याचा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तो भाजलेला जाडजूड थर अगदी आईच्या हातचा वाटावा असा फक्त अर्लीनला जमायचा. तिचा धाकटा भाऊ रॉली हा दीडशे किलोंचा गडी दर रविवारी खास तेवढ्यासाठी बहिणीकडे यायचा. एरवी तो बोलायचा कमी आणि जेवायचा भरपूर. आज दोन्ही बंद होतं.

“काय केलंस तू?” तिने मायलोला विचारलं.

“मी? मी स्तुती केली त्याची,” मायलो म्हणाला. “रेडिओवर. अख्ख्या शहरासमोर.”

“काय म्हणालास ते सांग की तिला,” रॉली खिडकीबाहेर बघत म्हणाला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एप्रिल संपत आला तरी गॅरेजच्या सावलीत काळंकुट्ट बर्फ पडून होतं, आणि तलावावरचा वारा कुणाचं तरी कचऱ्याचं झाकण रस्त्यावरून फरपटत नेत होता.

“म्हणालो की कोबासचा पोरगा म्हणजे दुसरा रॉली स्टँकस. फक्त तरुण.”

“आणि?”

“आणि स्वस्त,” मायलो हळूच म्हणाला.

“दुसरा कशाला हवाय?” रॉली म्हणाला. “पहिला अजून आहे ना?”

एवढं बोलून तो उठला, कोट चढवला आणि गेला. त्याच्या मागे टेबलावर ती बशी तशीच थंड होत राहिली.

मायलो झेलिंकाने आयुष्यात कधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता, पण रोज सकाळी रेडिओवरून उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याची वीस वर्षं सुखात गेली होती. वर्षभर तो शहराच्या संघाला शिव्या घालायचा. संघ वर्षभर हरायचा, त्यामुळे विषयाची ददात नव्हती. पण एप्रिलमध्ये त्याचे खरे सुगीचे दिवस यायचे. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो. देशभरातले व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात, आणि त्या आधीचे काही आठवडे या शहरातले लोक दुसरं काही बोलत नाहीत. पोरगा खेळतो कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. फोन आला की प्रश्न एकच, “मायलो, हा कोणासारखा आहे रे?”

कोणासारखा हे सांगणं म्हणजे मायलोची रोजीरोटी होती. पूर्वी तो हात सैल सोडून तुलना करायचा. एका वर्षी त्याने एका चेंडूफेक्या पोराची तुलना थेट देशातल्या सर्वात थोर खेळाडूशी केली. शहराच्या संघाने तो पोरगा घेतला, लोकांनी त्याच्या नावाचे सदरे विकत घेतले, आणि आता तो पोरगा शेजारच्या परगण्यात घरांना पन्हाळी बसवून देतो. मायलोकडेही त्यानेच बसवल्या. तेव्हापासून मायलोने कानाला खडा लावला होता. थोरामोठ्यांचं नाव घ्यायचं नाही. साध्या, टिकाऊ, खात्रीच्या माणसाचं नाव घ्यायचं.

आणि खात्रीचा माणूस म्हणजे रॉली. चेंडूफेक्याला धक्का लागू नये म्हणून जे पाच आडदांड पुढे भिंत करून उभे राहतात, त्यांतला एक. अकरा वर्षं तो शहराच्या संघात तिथे उभा होता आणि अकरा वर्षांत कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. त्या जागेवर यापेक्षा मोठी पावती नसते. डॅरिल कोबास, याच शहरातला पोरगा, त्याच जागी खेळायचा आणि तसाच मुकाट खेळायचा. मायलोला ती तुलना इतकी नेमकी वाटली की त्या सकाळी तो स्वतःवरच खूश होऊन दुसरा डोनट खात बसला.

त्याच्या ध्यानात एकच गोष्ट राहिली नाही. लोकांनी रॉलीकडे लक्ष दिलं नव्हतं, पण एकदा दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी बाद फेरीत, शेवटच्या मिनिटाला, शहराचा संघ चक्क जिंकत असताना रॉलीने समोरच्याचा सदरा पकडला होता. पंचाने नियमभंगाचा पिवळा रुमाल टाकला, विजयाचे गुण रद्द झाले आणि शहर हरलं. तेव्हापासून रॉली कुठेही जेवायला गेला की कोणीतरी गंमत म्हणून त्याच्या टेबलाजवळ पिवळा कागदी रुमाल टाकायचं. रॉली वाकून तो उचलायचा, तोंड पुसायचा आणि जेवायला लागायचा. अजून एक सीझन मिळावा, एवढंच त्याचं मागणं होतं. लोकांनी नंतर दुसरं काहीतरी आठवावं, काहीही चाललं असतं.

सोमवारी सकाळी स्टॅनली कोबासचा फोन आला. तो डॅरिलचा बाप, आणि मायलोचा कार्यक्रम ज्याच्या जाहिरातीवर चालायचा त्या ‘कोबास टायर्स’चा मालक.

“माझ्या पोराला रुमालवाला म्हणालास तू,” कोबास म्हणाला.

“रुमालाचं नावसुद्धा नाही काढलं मी, स्टॅन.”

“स्टँकस म्हणालास म्हणजे आलंच की ते. काल चर्चमधून बाहेर आलो तर माझ्या गाडीच्या काचेवर पिवळा रुमाल. पोराची आई रडतेय. आता कोणता संघ घेणार त्याला? जाहिरात बंद.”

“अरे, मी स्तुती केली त्याची.”

“अशी स्तुती तुझ्या पोरांची कर,” कोबास म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मायलोला पोरं नव्हती, तेव्हा तो सल्लाही वायाच गेला.

तासाभरात स्टेशनची मॅनेजर जनीन रुफ दारात उभी राहिली. जनीन कधी ओरडायची नाही. ती दारात उभी राहायची, आणि तेवढ्यानेच माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं.

“उद्या निस्तर हे,” ती म्हणाली. “कोबासचा पोरगा स्टँकसपेक्षा वेगळा कसा आहे ते सांग. चांगलं वेगळं सांग.”

आता एखाद्या शहाण्याने डॅरिलची उंची सांगितली असती, पावलांची चपळाई सांगितली असती. मायलोने त्यातलं काही योजलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी माइकसमोर त्याला कोबासचा आवाज आठवला, दारातली जनीन आठवली, आणि त्याची गाडी उतारावरून सुटली.

“फरक आहे, लोकहो,” तो म्हणाला. “जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॅरिलचे गुडघे धडधाकट आहेत. आमच्या रॉलीचा डावा गुडघा थंडीत वाकतच नाही. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की कापायला उभा राहिला तर त्याला परत खाली बसवायला दोन माणसं लागली. एक मी होतो.”

माइक बंद झाल्यावर मायलोला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. तो गुडघा घरातली गोष्ट होती. संघाच्या डॉक्टरांना रॉलीने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. तो तपासणीच्या दिवशी पहाटे उठून गरम पाण्यात बसायचा आणि मग चालत, हसत आत जायचा. मायलोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच रॉलीला लहानपणी त्याने लग्नाआधी अर्लीनवर छाप पडावी म्हणून आपल्या खटारा गाडीतून सरावाला नेलं-आणलं होतं. पुढे अर्लीन मिळाल्यावरही नेत राहिला होता, कारण पोरगा त्याला आवडायला लागला होता.

कोबास टायर्सची जाहिरात दुपारपर्यंत परत आली. रॉलीला संघाच्या डॉक्टरांचं बोलावणं दुसऱ्याच दिवशी आलं.

“तू त्याला फोन कर,” अर्लीन म्हणाली.

“केला. उचलत नाही.”

“मग उचलेपर्यंत कर. आणि तोवर माझ्याशी बोलू नकोस.”

ड्राफ्टच्या शनिवारी झेलिंकांच्या तळघरात दरवर्षीप्रमाणे मंडळी जमली. अर्लीनने सॉसेज शिजायला लावले होते, कुगेलिस होतं, पेटीत बिअर होती, आणि टीव्हीवर एकेक नाव पुकारलं जात होतं. रॉली येणार नाही असं सगळे धरून चालले होते. तो आला. जिना तिरपा तिरपा उतरला आणि नेहमीच्या कोचावर बसला. मायलो त्याच्या शेजारी जाऊन बसला.

“रॉली, मी गाढव आहे.”

“ते मला लहानपणापासून माहितेय,” रॉली म्हणाला. “नावं ऐकू दे.”

चौथ्या फेरीत शहराच्या संघाची पाळी आली आणि टीव्हीवरच्या माणसाने डॅरिल कोबासचं नाव वाचलं. पलीकडच्या गल्लीतून कोबासांच्या घरचा आरडाओरडा इथपर्यंत ऐकू आला. मग टीव्हीवरचा दुसरा शहाणा म्हणाला, “भरवशाचा पोरगा. तिथल्या लोकांच्या भाषेत दुसरा रॉली स्टँकस. फक्त तरुण, आणि गुडघे शाबूत.”

तळघरात सगळ्यांनी आपापल्या बशीत बघितलं. एवढ्यात रॉलीचा फोन वाजला.

ड्राफ्टच्या दिवशी निवडलेल्या पोराला संघाचा फोन येतो, आणि तो वाजला की या गावात बायका किंचाळतात, बाप पोराच्या गळ्यात पडतो, कोणीतरी टोपी हवेत उडवतं. अकरा वर्षांपूर्वी याच तळघरात याच कोचावर रॉलीचा फोन वाजला होता, आणि अर्लीनने आनंदाच्या भरात हातातली पुडिंगची परातच टाकली होती. आज ती हातातला चमचा धरून उभी राहिली.

“हो सर,” रॉली फोनवर म्हणाला. “हो. समजलं. नाही सर, गुडघा बराय. हो, थंडीत थोडा. नाही, राग कसला. पोरगा चांगला आहे. थँक्यू सर.”

त्याने फोन खिशात ठेवला, समोरची परात मांडीवर ओढली आणि कुगेलिस खायला सुरुवात केली.

“आता वजन कोण बघतंय,” तो म्हणाला, आणि त्याने ती परात संपवली. कोणी त्याला अडवलं नाही. मायलो वर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला, आणि खाली कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने रडला.

गंमत अशी की त्याच दिवसापासून शहराला रॉलीचा पुळका आला. काढून टाकलेल्या माणसावर या शहराचं फार प्रेम. लोक रेडिओवर फोन करून त्याची अकरा वर्षं आठवू लागले आणि रुमालाचं कोणी नाव काढेना. त्या आठवड्यात जनीन रुफ पुन्हा मायलोच्या दारात उभी राहिली.

“बस ना,” मायलो म्हणाला.

“नको. मायलो, सकाळच्या कार्यक्रमाला आम्ही रॉलीला विचारलंय. लोकांना ज्याने मैदान पाहिलंय असा माणूस हवाय. कोबासही तयार आहे. त्याला आता अपराधी वाटतंय.”

“आणि मी?”

“तू वाईट वाटून घेऊ नकोस. तो अगदी तुझ्यासारखाच आहे. तीच बोली, तीच कुरकुर. दुसरा तूच म्हण.” ती जरा अडखळली. “फक्त तरुण.”

“दुसरा कशाला हवाय?” मायलो म्हणाला. “पहिला अजून आहे ना?”

जनीनने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

रॉली आधी नाहीच म्हणाला. मायलोनेच त्याच्या घरी जाऊन ते काम घे म्हणून सांगितलं. तेवढं तरी तो देणं लागत होता. पण रॉलीला माइकसमोर बोलायचं काय ते सुचेना. आयुष्यभर त्याने माणसं ढकलली होती, त्यांची वर्णनं केली नव्हती. तेव्हा रोज संध्याकाळी तो बहिणीकडे यायला लागला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसायला लागला, आणि विचारायला लागला, “मायलो, हा पोरगा कोणासारखा आहे रे?”

मायलो सांगायचा. पुढच्या वर्षीच्या पोरांची नावं एकेक करून, तोलून-मापून, थोरामोठ्यांना हात न लावता सांगायचा. रॉली ओठ हलवत पाठ करायचा आणि बशी रिकामी करून जायचा.

सकाळी मायलो स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसायचा आणि रेडिओ लावायचा. एका सोमवारी रॉली एका पोराबद्दल बोलत होता. कालचंच वाक्य, कालच्याच जागी थांबून, मायलोच्या लकबीसकट. फोनवरचा माणूस म्हणाला, असं नेमकं या स्टेशनवर आजवर कोणी बोललं नव्हतं.

अर्लीन ओट्यापाशी बटाटे किसत होती. तिचे हात थांबले, तिने नीट कान देऊन ऐकलं, आणि कितीतरी दिवसांनी ती नवऱ्याकडे वळून आपणहून काही बोलली.

“अगदी तुझ्यासारखा बोलतो की हा,” ती म्हणाली. “फक्त लोकांना आवडतो.”