डबीचा नेम

चिपळूणच्या निर्मलाबाई खांबेटे यांच्या घरातल्या वायफायच्या डबीने यंदा चातुर्मासाचा नेम धरला: ज्या यंत्राचा जन्मपत्ता आपल्याला ठाऊक आहे त्यालाच आत घ्यायचं, नुसता पासवर्ड सांगणाऱ्याला नाही. जन्मपत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळणारा अक्षर-आकड्यांचा पत्ता.

निर्मलाबाईंना फार कौतुक वाटलं. पासवर्ड साऱ्या आळीला पाठ असल्यामुळे आजवर कुणाचेही फोन विचारल्याशिवाय आत-बाहेर करत. आता ते पायरीवर ताटकळत आणि डबी शांतपणे नाही म्हणे. त्या दिवसापासून बाई तिला ‘अहो’ म्हणू लागल्या.

“माझ्या नेमांना कधी एवढा मान दिला नाहीस,” यजमान, सदानंदराव, म्हणाले.

“तुमचा नेम पहिल्या चहालाच सुटतो.”

भाद्रपदात बाईंचा जुना फोन गेला. नेमकं त्याच आठवड्यात मस्कतला त्यांच्या भावाच्या, श्रीरंगच्या मुलीचं बारसं होतं. खूप वर्षांनी पाळणा हलला होता. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या ही एकच. नाव तिनेच ठरवायचं म्हणून श्रीरंगने विचारलंसुद्धा नव्हतं. ते निर्मलाबाईंनी देवापुढे मनात धरलं होतं आणि दुपारी व्हिडिओवरून सांगायचं होतं. घर डोंगराच्या घळीत, मोबाईलला रेंज नाही. यजमानांचा फोन बटणांचा. जे काही व्हायचं ते डबीच्याच कृपेने.

बाईंनी आदल्या दिवशी नवा फोन आणून त्याचा पत्ता डबीला वाचून दाखवला. डबीने तो मान्य केला. बारशाच्या दिवशी मात्र फोनला दारातच अडवलं.

“हा कालचा नाही,” डबी म्हणाली. “पत्ता वेगळा सांगतोय.”

“कालचाच आहे हो. मीच आणलाय.”

“वहिनी, तुमच्यावर विश्वास आहे. याच्यावर नाही.”

मुहूर्त जवळ आला. सदानंदरावांनी सुचवलं की डबीला म्हणावं, आजच्या दिवस नेम मोड, प्रायश्चित्ताचं मागाहून पाहू. बाईंनी कानांवर हात ठेवले. आपल्या गरजेसाठी दुसऱ्याचं व्रत मोडायला लावणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. त्यांनी फोन पुढ्यात घेतला आणि काय झालं ते शांतपणे विचारलं.

फोनने आधी आढेवेढे घेतले. मग खालच्या आवाजात म्हणाला, की बाजारात, स्टेशनात कोण कसा असेल सांगता येत नाही. परक्याला खरा पत्ता द्यायचा नाही, अशीच शिकवण आहे. म्हणून तो रोज नवा सांगतो.

बाईंना त्याचंही कौतुकच वाटलं. लेकीला त्यांनी हेच शिकवलं असतं. चूक त्यांच्या लक्षात आली: फोनला घरात घेतलं, हळद-कुंकू लावलं, पण त्याच्याकडून संकल्प करवून घेतला नव्हता. त्यांनी देवापुढे पाट मांडला, फोन वर ठेवला आणि पळीभर पाणी ताम्हनात सोडलं.

“संकल्पात गोत्र खोटं सांगत नाहीत बाळा,” त्या म्हणाल्या. “आणि हे काही परकं घर नाही.”

फोनने खरा पत्ता सांगितला, अगदी हळू, चुकत नाही ना ते बघत.

डबीने तो ऐकून घेतला. पुन्हा एकदा म्हणायला लावला. “हा जन्माचा दिसतो,” ती म्हणाली. कालच्या जागी तिने हा लिहून घेतला आणि बाजूला झाली.

पडद्यावर पाळणा आला, घामाघूम झालेला श्रीरंग आला, मग बाळाचा कान. निर्मलाबाईंनी पदर सावरला, फोनला ओठ टेकवले आणि नाव सांगितलं.

बाळाच्या कानात पोचण्याआधी ते नाव डबीवरून गेलं. पायरीवर शेजाऱ्यांचे फोन तिष्ठत होते. काय ठेवलं, काय ठेवलं, म्हणून विचारत होते. पलीकडे ‘कुर्रर्र’ झालं, पेढे फिरले, तरी डबीने कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.