तीन नंबरच्या खिडकीशेजारचं चित्र

कचेरीच्या लाचविरोधी नाटकात लाचखाऊ कारकुनाचं काम करायला कुणीच तयार होईना, म्हणून ते वायसन लिकोंग्वेच्या गळ्यात पडलं. म्पिंडाच्या जिल्हा कचेरीत मृत्यूच्या दाखल्यांची तीन नंबरची खिडकी त्याची. एकवीस वर्षांत त्याने कुणाचा साधा चहा घेतला नव्हता, आणि त्याचं घर बघितलं की ते कुणालाही पटे. प्रामाणिक अधिकाऱ्याची भूमिका मोठ्या साहेबांनी, म्हणजे काट्सोंगांनी, स्वतःकडे ठेवली. त्यांच्या बायकोच्या नावावर दोन मिनीबस होत्या. त्या कुठून आल्या, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

लोकशिक्षणासाठी नाटक भर बाजारात झालं. वायसनने काचेखालून पाकीट असं काही ओढलं, की एका म्हातारीने त्याला मक्याचं बुरकुंड फेकून मारलं. त्याच क्षणाचा फोटो निघाला, फोटोचं पोस्टर झालं, त्यावर लाल फुली मारली आणि नव्या कार्यपद्धतीनुसार ते खिडकीशेजारी चिकटवलं. वर ‘दाखला मोफत मिळेल’ अशी पाटी. महिनाभराच्या उन्हात लाल फुली उडून गेली. चित्र मात्र शाबूत राहिलं.

मग एके दिवशी एका माणसाने काचेखालून पाकीट सरकवलं.

“हे काय?” वायसनने विचारलं.

“चित्रात दाखवलंय तसंच दिलंय, साहेब. चुकलं का काही?”

“अहो, दाखला फुकट आहे! वर पाटी वाचा की!”

“वाचता आलं असतं तर चित्र कशाला बघत बसलो असतो?”

वायसनने पाकीट परत केलं. माणसाला वाटलं, कमी पडलं. दुसऱ्या दिवशी तो जाडजूड पाकीट घेऊन हजर. त्याच्या मागे रांगेत आणखी सहा जण, प्रत्येकाच्या हातात पाकीट, आणि प्रत्येक जण एकदा चित्राकडे आणि एकदा वायसनकडे बघून खात्री करून घेत होता.

हे सगळं त्याने मुकाट्याने सोसलं असतं. पण शनिवारी त्याच्या मुलीची, तामांडाची, सोयरीक पक्की व्हायची होती. मुलगा लुम्बानी, शाळामास्तर. दोन्हीकडचे मामा जमणार, मुलाकडचा कोंबडा आणि मुलीकडची कोंबडी अशी अदलाबदल करणार, की झाली सोयरीक. आणि सोमवारी संध्याकाळी त्याचा मेहुणा ग्रेसन धापा टाकत घरी आला.

“दाजी, घात झाला. मुलाचा मामा जन्माच्या दाखल्यासाठी कचेरीत आला होता. तुमच्या पोस्टरपुढे बराच वेळ उभा होता म्हणे.”

“काय म्हणाला?”

“काहीच नाही. नुसता बघत होता.”

“नाटकाची हौस आली होती ना या वयात!” बायको एलुबी कडाडली. “आता बसा पोरीला घरात घेऊन!”

तामांडा अंगणात कपडे धूत होती. धुताना ती नेहमी गाणं म्हणायची, ते मध्येच थांबलं.

पोस्टर काढावं, तर ते सरकारी मालमत्ता, त्याला राजधानीची परवानगी हवी. मग त्याने पत्र लिहवून घेतलं, की हे केवळ नाटक असून सदर कर्मचाऱ्याने आजवर एकदाही लाच घेतलेली नाही. काट्सोंगांनी हसत हसत सही ठोकली. राहिला शिक्का.

“शिक्का कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे आहे,” शिक्केवाला म्हणाला, “आणि मला तहान लागलीय. एखादा थंडा मागव ना.”

“अरे, मी लाचेच्या वाऱ्याला उभा राहत नाही असं पत्र आहे ते!”

“म्हणून तर एकच मागितला.”

वायसनने थंडा पाजला नाही. खिडकी बंद झाली की तो रोज शिक्केवाल्याच्या दारातल्या बाकावर जाऊन बसे. चार दिवस बसला. शनिवारी सकाळी शिक्केवाल्यालाच त्याच्याकडे बघवेना, आणि शिक्का पडला.

तो धावतपळत घरी पोचला तेव्हा पाहुणे चटईवर बसले होते. मुलाचा मामा काखेत कोंबडा धरून फारच गोड बोलत होता. नकाराआधी माणसं अशीच गोड बोलतात, हे वायसनला ठाऊक होतं. त्याने घाम पुसत पत्र पुढे केलं.

मामाने ते दोनदा वाचलं. चेहरा उतरला.

“म्हणजे... एकदाही नाही?”

“एकदाही नाही!” वायसन छाती फुगवून म्हणाला.

“एकवीस वर्षांत?”

“देवाशप्पथ!”

ग्रेसनने त्याला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

“आम्ही तर पोस्टर बघूनच होकार पक्का केला होता,” मामा म्हणाला. “मास्तरचा पगार तो केवढा. म्हटलं, सासऱ्याचा तरी हात चालता आहे.”

तो उठला. कोंबडा काखेतच राहिला. लुम्बानीने तामांडाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून तो मामामागे निघून गेला. चटई रिकामी झाली तरी वायसन पत्र हातात धरून बसून राहिला. आयुष्यात तो स्वतःला इतका मूर्ख कधी वाटला नव्हता.

तामांडा आली. तिचे डोळे सुजले होते. तिने त्याच्या हातातलं पत्र हळूच काढून घेतलं आणि नीट घडी घातली.

“हे मी ठेवते, बाबा. पुढचे कुणी आले, तर कोंबडा दारात असतानाच दाखवू.”