सुपडू नानांचं संगजिरं

सुपडू नानांशी हात मिळवला की आपला तळवा पांढरा होतो. पाठीवर त्यांची थाप पडली तर शर्टावर पाच बोटं उमटतात. जळगावच्या पिंप्राळ्यात माझ्या टायरच्या शोरूमला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान आहे आणि तिथे संगजिऱ्याचा डबा कायम उघडा असतो. संगजिरं म्हणजे ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून मारतात ती पांढरी भुकटी. आम्ही बाकीचे लोक ती ट्यूबला लावतो. नाना ती शटरच्या पट्टीला, कुलपाला, चपलेच्या अंगठ्याला आणि उन्हाळ्यात स्वतःच्या मानेलाही लावतात. "संगजिरं लावं म्हंजे काहीच चिकटस नई," असं दिवसातून दहा वेळा म्हणतात.

माझा त्यांच्यावर राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. धरणगावकडच्या खेड्यातून एक पिशवी घेऊन मी जळगावात आलो, दुसऱ्यांचे टायर उचलून पाठ मोडली आणि मग कुठे शोरूम उघडली. उद्घाटनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या हातात पेढे असताना, नाना आत आले. टायर कोणत्या आठवड्यात बनला ते त्याच्या कडेवर चार आकड्यांत छापलेलं असतं. गिऱ्हाईक ते कधी वाचत नाही. नानांनी वाकून, चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेठ, माल मागला सालना शे." माल खरोखर मागच्या वर्षीचाच होता. म्हणून तर राग गेला नाही.

त्यांचं दुकान कोपऱ्यावर, बरोबर माझ्या पाटीच्या आड. ते मला मिळावं म्हणून अकरा वर्षं मी गोड बोललो, भांडलो, मध्यस्थ घातले. मी घासाघीस करायला बसलो की समोरचा थकेपर्यंत उठत नाही. नाना मात्र ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहायचे आणि शेवटी म्हणायचे, "दुकान इकानं नई शे." वर माझ्याच गिऱ्हाइकाला हाक मारून, त्याच्या जुन्या टायरवर थोपटत सांगायचे की हा अजून एक पावसाळा सहज काढेल.

मग नानांना दम लागायला लागला. हवा भरता भरता ते मधेच स्टुलावर बसत. फुफ्फुसाभोवती पाणी साचत होतं. जळगावात डॉक्टरांची कमी नाही, पण नाना इथे छातीत सुई घालून घ्यायला तयार नव्हते. पंक्चरवाल्यालाच पंक्चर झालं म्हणून बाजार हसेल, असं त्यांचं म्हणणं. मी दर गुरुवारी माल बघायला धुळ्याला जातो हे त्यांना माहीत होतं. एका गुरुवारी ते न विचारता माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसले. काळ्या सीटवर पांढरा हात उमटला. मी चिडून गाडी काढली.

तेव्हापासून तेच सुरू झालं. एका गुरुवारी धुळ्याच्या दवाखान्यात पाणी काढायचं, दुसऱ्या गुरुवारी किती भरलं ते दाखवायचं. वाटेत पारोळ्याला चहा. पुढे चाललेल्या प्रत्येक ट्रकच्या टायरवर नाना मत द्यायचे आणि मी दुकानाचा विषय काढला की झोपेचं सोंग घ्यायचे.

धुळ्याच्या डॉक्टर मॅडम शांत बाई. त्यांनी एक दिवस नवा उपाय सांगितला. फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं, छातीला आतून दुसरं, आणि पाणी या दोघांच्या मधे साचतं. तिथे नळीतून टाल्क सोडलं की दोन्ही आवरणं एकमेकांना चिकटतात, पाण्याला जागाच राहत नाही. टाल्क म्हणजे काय, नानांनी विचारलं. संगजिरंच, मॅडम म्हणाल्या, पण औषधासाठी शुद्ध केलेलं.

नाना आधी हसले, मग रागावले. चाळीस वर्षं ज्या भुकटीने त्यांनी चिकटणं थांबवलं, तिनेच ही बाई चिकटवायला निघाली होती. मॅडमनी समजावलं की ट्यूब निर्जीव असते, फुफ्फुस जिवंत आहे. त्याला ती भुकटी खुपते, सूज येते आणि सुजलेली आवरणं एकमेकांना धरून बसतात.

नानांनी विचारलं, "म्हंजे भांडण लाईसन चिकटावतस?"

"तसंच समजा," मॅडम म्हणाल्या.

नाना तरी नाहीच म्हणाले. मॅडमनी मला बाहेर बोलावलं. पाण्यामागचं मूळ दुखणं बरं होणारं नव्हतं. पण पाणी थांबलं तर उरलेले दिवस दम न लागता जातील, आणि उशीर केला तर फुफ्फुस आखडून हा उपायही हातचा जाईल. मग त्यांनी विचारलं, यांचं कोण आहे? बायको वारली, मुलगी सुरतेला, तिला नानांनी सर्दी झाल्याचं सांगितलंय. मी कोण, हेही त्यांनी विचारलं. शेजारी, मी म्हणालो.

परतताना पारोळ्याच्या चहाच्या टपरीवर मी नानांना लोक वळून बघतील इतकं बोललो. आडमुठे म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. चहावर साय आली. मग बशीकडे बघत नानांनी विचारलं, "पाणी थांबनं म्हंजे गुरुवारे तू एकलाच जाशी का?"

तेव्हा मला जे येतं ते मी केलं. सौद्याला बसलो. नानांनी टाल्क घ्यायचं, मुलीला खरं सांगायचं. बदल्यात गुरुवार त्यांचा. नानांनी पुढची सीट मागितली, दिली. जाता-येता दोन्ही वेळा पारोळ्याला चहा मागितला. मी एकदाच म्हणून ताणून धरलं, शेवटी दोनदा कबूल केला. गाडीत दुकानाचा विषय काढायचा नाही, ही त्यांची शेवटची अट. तीही मी मान्य केली. आयुष्यात इतका वाईट सौदा मी दुसरा केलेला नाही.

टाल्क सोडायच्या दिवशी त्यांनी नर्सकडे बाटली मागितली. चिमटीत घेऊन भुकटी किती बारीक आहे ते बघायचं होतं. सीलबंद आहे म्हणून तिने हात लावू दिला नाही, स्वतःच्या हातात धरून दाखवली. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, तारीख वाचली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माल ताजा शे."

दोन दिवस ताप आला, छाती दुखली. मग नळी काढली. पाणी पुन्हा भरलं नाही. मुलगी चार दिवस राहिली, सुरतेला चला म्हणाली. नानांनी दुकानाचं कारण सांगितलं.

आम्ही दर गुरुवारी जातो. ते वाळले आहेत, सीटवर आता हात हलका उमटतो. गेल्या गुरुवारी एरंडोल मागे पडल्यावर ते पुढच्या ट्रककडे बघत म्हणाले, "शेठ, तुन्हा माल मंगळवारेच टेम्पोमा ऊना. मन्हाच शटरसमोर उतरना."

ते खरं होतं. गेले दोन महिने माल टेम्पोनेच येतो. धुळ्याला माझं काही काम नसतं.

"मग?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मग काही नई," नाना म्हणाले. "पारोळ्याले थांब."