बबडीच्या केसांचा प्रकार

कुरळ्या केसांबद्दल काहीही विचारायचं असेल तर मला विचारा! म्हणजे त्या दिवसापर्यंत तरी मी असंच सांगत सुटले होते. माझे स्वतःचे केस सरळसोट, पाठीवर आडवे पडतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. पण ज्ञान मिळवायला स्वतःचे कुरळे केस लागतात असं थोडंच आहे? मी एक आठवडा मोबाइलवर त्याविषयीचे व्हिडिओ पाहिले होते. जेवताना पाहिले, ऑफिसात पाहिले, नवरा काहीतरी महत्त्वाचं सांगत होता तेव्हाही पाहिले.

हा सगळा खटाटोप माझ्या नणंदेसाठी होता. घरात तिला सगळे बबडी म्हणतात. बबडीला लहानपणापासून टीव्हीवर बातम्या सांगायच्या होत्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, पण डोक्यावर केसांचं जंगल! शाळेत मागच्या बाकावरची मुलं तिला फळा दिसत नाही म्हणून ओरडायची. तेव्हापासून एक सवय लागली ती लागलीच. बोलायला उभी राहिली की एक हात आपोआप डोक्यावर जायचा, केस दाबून धरायला. आधीच्या तीन मुलाखतींत तिने असंच एका हाताने डोकं धरून बातम्या वाचल्या. एका साहेबांनी तर तिला पाणी देऊन विचारलं होतं, डोकं फार दुखतंय का म्हणून.

आता एका वृत्तवाहिनीने तिला कॅमेऱ्यासमोरच्या चाचणीला बोलावलं होतं. ही हुकली तर मावशीच्या दुकानात कायमची बसेन, असं तिने जाहीर केलं होतं. मला भरून आलं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "केस माझ्यावर सोड."

पहिलं काम म्हणजे प्रकार ओळखणं. ते शास्त्र आहे हो! नुसते लाटांसारखे असतील तर दोन नंबर, स्प्रिंगसारखे असतील तर तीन, अगदी बारीक वेटोळी असतील तर चार. त्यात पुन्हा ए, बी, सी. केस धुवायचे, काहीही लावायचं नाही, हात लावायचा नाही, आपोआप वाळू द्यायचे आणि मग बघायचं. मी बबडीला बाल्कनीत स्टुलावर बसवलं. वाळल्यावर पुढचा केस पाहिला तर तीन ए निघाला. मागचा पाहिला तर दोन सी. कानामागे एक बट अशी सापडली की ती कुठल्याच व्हिडिओत नव्हती! मग केस पाणी किती शोषतात ते पाहायला मी तिचा एक केस ग्लासभर पाण्यात टाकला. तरंगतो की बुडतो, हे बघायचं असतं. पण मी जरा पाठ वळवली तेवढ्यात सासऱ्यांनी त्या ग्लासातल्या पाण्याबरोबर रक्तदाबाची गोळी घेतली. निकाल त्यांच्या पोटात गेला.

तरी मी हार मानली नाही! सरासरी काढून तीन बी असं ठरवलं आणि औषध करायला लागले. जवस पाण्यात उकळायचे, गाळायचे, की छान बुळबुळीत पारदर्शक जेल तयार होतं. त्यात लॅव्हेंडरच्या तेलाचे थेंब. केसांना लावलं की वाळताना केस कडक होतात, पण घाबरायचं नाही. मुठीत घेऊन चुरगाळले की आतून मऊमऊ कुरळे बाहेर पडतात. पातेलंभर जेल करून मी झाकण घातलं.

आता आमच्या फ्रिजबद्दल सांगायलाच हवं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एका वाटीवरून सासूबाईंशी माझं जुंपलं होतं आणि तेव्हापासून फ्रिजची फाळणी झालेली आहे. डावी बाजू त्यांची, उजवी माझी. लिहिलेलं कुठे नाही, पण सीमा पक्की! त्यांचं लिंबूसुद्धा कधी घरंगळत माझ्या बाजूला आलेलं नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनीही एक पातेलं चढवलं होतं. सासरे निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्या शर्टाची कॉलर उभी नसेल तर ते दारही उघडत नाहीत. म्हणून सासूबाई स्वतः रात्री आरारुटाची खळ करून फ्रिजमध्ये ठेवतात आणि पहाटे शर्टांना देतात, कापडाचा प्रकार बघून पातळ किंवा घट्ट. दुसऱ्या दिवशी सोसायटीची सभा होती आणि सासरे अध्यक्ष.

मी जेल ठेवायला फ्रिज उघडला आणि माझ्या मनात आलं, डाव्या बाजूला जास्त गार राहतं. बबडी त्यांचीच लेक, आज एक दिवस त्यांच्या बाजूला ठेवलं तर काय बिघडलं? ठेवलं. वर कागदात गुंडाळलेली त्यांची भाजी होती, तीही नीट सरकवली. किती समंजस सून मी!

चाचणीच्या दिवशी सकाळी लवकर उठून बबडीचे केस धुतले. फ्रिज उघडला. डावीकडे पातेलं नव्हतं, उजवीकडे होतं. मला वाटलं, सासूबाईंना नसेल चालत, त्यांनी माझं पातेलं माझ्या बाजूला परत ठेवलं. थोडं वाईटच वाटलं. पण वेळ कुणाला होता? आतलं छान पारदर्शक, बुळबुळीत. ओंजळी भरभरून मी बबडीच्या केसांना लावलं. ड्रायरच्या तोंडाला पिठाची चाळणी बांधली, कारण हवा पसरून यायला हवी. आणि काय सांगू तुम्हाला! एकेक बट अशी वळली, अशी चमकली की मी टाळ्या पिटल्या. बबडी आरशात बघून रडायच्या बेतात आली होती, आनंदाने.

"वहिनी, कडक झालेत गं."

"व्हायलाच हवेत. आता चुरगाळायचे."

चुरगाळले. कडकड आवाज आला. मऊ काही झाले नाहीत. पुन्हा चुरगाळले तर तिच्या निळ्या ड्रेसवर पांढरा भुगा पडला. मी म्हटलं, हे तीन बीचं लक्षण असणार.

इतक्यात सासरे बाहेर आले. अंगात पांढरा शर्ट, कॉलर दोन्ही बाजूंनी लोळलेली आणि सगळ्या घरात लॅव्हेंडरचा घमघमाट! खिशाला जवसाचं एक बी चिकटलेलं. ते सासूबाईंना विचारत होते की आज आपल्यावर राग आहे का. सासूबाईंनी ती कॉलर दोन बोटांत धरून चोळली. कपाळाला आठी पडली. मग त्या वळल्या, बबडीची एक बट त्याच दोन बोटांत धरली, चोळली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही माझी खळ आहे."

मग उलगडा झाला. माझं पातेलं थंड जागी राहावं म्हणून सासूबाईंनीच रात्री आपलं पातेलं माझ्या बाजूला ठेवलं होतं. आपली जागा बबडीच्या जेलसाठी मोकळी केली होती. आणि पहाटे उठून, डावीकडचं पातेलं ते आपलंच, या वर्षानुवर्षांच्या सवयीने शर्ट बुडवून इस्त्रीने वाळवले होते. इतकी वर्षं भांडलो तेव्हा काही बिघडलं नाही, एक दिवस दोघींनी समजूतदारपणा केला आणि पोरीच्या डोक्याला खळ बसली!

बबडी मटकन खाली बसली. गाडी दारात उभी होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. पाणी लागलं तर सगळं चिकट होईल, मग कंगवासुद्धा आत अडकून बसेल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी बबडीच्या खांद्यावरचा भुगा ब्रशने झाडला, तिची हनुवटी वर केली आणि बजावलं, "कोरडं राहू दे. आणि काही झालं तरी हात लावू नकोस. मोडेल."

मी बबडीबरोबर गेले. जायला तोंड नव्हतं, पण तिला एकटीला कसं सोडणार? स्टुडिओत कळलं की जागा बातम्या वाचायची नाहीच, वादळवाऱ्यात उभं राहून हवामानाची खबर देणाऱ्या वार्ताहराची आहे. समोर माणसाच्या उंचीचा पंखा! पहिल्या मुलीचे केस तिच्या तोंडात गेले आणि निम्मं वादळ तिने गिळलं. दुसरीला केसांतून कॅमेराच दिसेना. मग बबडी उभी राहिली. पंखा सुरू झाला. दिग्दर्शकांचे कागद उडाले, माझी ओढणी उडाली, बबडीची एक बट हलली नाही. तिचा हात सवयीने वर निघाला, आईचं बोलणं आठवून अर्ध्यातच थांबला आणि खाली आला. आणि मग ती बोलली! दोन्ही हात मोकळे, नजर सरळ, आवाज त्या पंख्याच्या वर. तिला इतकं मोकळं बोलताना मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पंख्याने ते कानाकडे चाललं होतं.

निवड झाली! तिथल्या तिथे! आम्ही घरी येऊन नाचलो. सासरेही नाचले. सभेत त्यांना चौघांनी कुठलं अत्तर वापरता म्हणून विचारलं होतं, त्यामुळे ते लोळलेल्या कॉलरसकट खुशीत होते.

संध्याकाळी वाहिनीच्या मेकअप विभागातल्या बाईंचा फोन आला. मी झडप घालून घेतला. केसांचं सगळं मीच बघते, काय हवं ते विचारा, असं सांगून मी व्हिडिओत ऐकलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "बबडी म्हणाली, आईंना विचारा. त्यांना देता?"

मी फोन सासूबाईंना दिला. त्यांनी आरारूट किती, पाणी किती, गॅस कधी बंद करायचा, सगळं सांगितलं. मग मध्येच फोनवर हात ठेवून मला विचारलं, "अगं, त्या विचारतायत, केसांचा प्रकार कोणता?"

शेवटी माझी वेळ आली! मी श्वास घेतला, तीन बी म्हणायला तोंड उघडलं. पण सासूबाईंना काहीतरी आठवलं असावं. त्यांनी हात बाजूला केला आणि फोनमध्ये ठामपणे सांगितलं, "सुती. खळ पातळच करा."