पट्टीकाकांचं आभाळ

जलाशयाच्या पाण्याची पातळी रोज सकाळी आठ वाजता मोजायची, वहीत लिहायची आणि मोजपट्टीसकट पाण्याचा एक फोटो मुख्य कार्यालयाला पाठवायचा, हे पट्टीकाकांचं काम. एकवीस वर्षांत त्यांचा एक आकडा चुकला नव्हता, आणि ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात ते हे सांगत. दुःख होतं ते फोटोचं. पट्टी ठसठशीत, डोंगर रेखीव, आणि वर आभाळ म्हणजे नुसतं पोतेरं. पलीकडून रोज एकच उत्तर येई, ‘मिळाला.’

"एकदा तरी माणसानं छान म्हणावं की नाही?" जेवताना त्यांनी विचारलं.

सूनबाई फोटो स्टुडिओत कामाला होती. ती म्हणाली, "बाबा, आभाळ बदलायचं का? आमचं रोजचंच काम आहे ते."

"खोटं आभाळ?"

"खोटं कशाला? तुम्ही गच्चीवरून हौसेनं आभाळाचे फोटो काढलेत ना, त्यातलंच लावू. आभाळ तुमचं, फोटो तुमचा."

हे काकांना इतकं पटलं की रविवारभर ते तिच्या संगणकापुढून हलले नाहीत. डोंगराची कड कशी कापायची, ऊन डावीकडचं असेल तर ढगही डावीकडून उजळलेला कसा शोधायचा, सगळं शिकले. "आणि वर निळं केलंत की खाली पाण्यातही निळं उतरवा," सूनबाईनं बजावलं, "नाहीतर चोरी पकडली जाते." काकांनी तेही वहीत टिपून घेतलं.

सोमवारी निळंभोर आभाळ रवाना झालं. दहा मिनिटांत मुख्य कार्यालयातल्या बाईंचा फोन! एकवीस वर्षांतला पहिला.

"काका, काय सुरेख फोटो काढलात हो!"

"जरा हात बसलाय," काका म्हणाले. हे वाक्य संध्याकाळपर्यंत काकूंनी पाच वेळा ऐकलं, आणि सहाव्यांदा स्वतःच शेजारणीला ऐकवलं.

मंगळवारी सोनेरी आभाळ गेलं. बुधवारचं गुलाबी आभाळ मोठं छापून साहेबांच्या खोलीत लागलं. गुरुवारी बाई म्हणाल्या, "आता तुमचा फोटो बघितल्याशिवाय आम्ही चहासुद्धा घेत नाही." काका त्या दिवशी घरी आले ते छाती काढूनच. अडचण एकच होती, गच्चीवरची बरी आभाळं संपली होती. उरलं होतं फक्त गेल्या वर्षीच्या वादळाचं, काळंकुट्ट, मधोमध वीज कडाडणारं.

शुक्रवारी काकांनी तेच लावलं. गुणी विद्यार्थी असल्यामुळे डोंगर काळवंडवले, पाणी गढूळ केलं आणि पाण्यात वीजही उतरवली. खाली नेहमीप्रमाणे आकडा लिहिला आणि पाठवून दिलं.

"काका," बाईंचा आवाज आज वेगळाच होता, "हे आत्ताचं आहे?"

इथं ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण चार दिवसांच्या कौतुकाची सवय वाईट.

"म्हणजे काय! आठ वाजताचं."

आभाळ काळं, पाणी गढूळ, म्हणजे डोंगरात धो धो पाऊस चालू असणार. साहेबांनी फोटो पाहिला मात्र, सगळ्यांच्या रजा रद्द केल्या, धरणाचे दरवाजे उघडणारी माणसं गोळा केली आणि स्वतः निघाले. साडेदहाला दोन जीपगाड्यांतून साहेब आणि त्यांच्यामागे रेनकोट आणि गमबूट घातलेली अकरा माणसं उतरली. वर तेच पोतेरं. थेंबाचा पत्ता नाही.

"कुठंय पाऊस?" साहेब गरजले.

‘आत्ताच येऊन गेला’ हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वही हातात होती. एकवीस वर्षांचे खरे आकडे आणि त्यांच्या शेजारी आज ही थाप लिहायची? काकांना तो विचारच सहन झाला नाही.

"साहेब, आभाळ मी लावलं. पाणीही मीच गढूळ केलं. फोनवरही खोटं बोललो. पण आकडा खरा आहे. आकड्याला मी हात लावलेला नाही."

साहेब तरातरा पायऱ्या उतरून पट्टीपाशी गेले. वाकून बघितलं, मग वहीत बघितलं.

"पाणी तर कालच्यापेक्षा चार सेंटिमीटर उतरलंय!"

"हो साहेब. फोटोखाली लिहिलंय तसं."

साहेबांनी मागे वळून अकराही जणांकडे पाहिलं. अकराही जण आपापल्या गमबुटांकडे बघू लागले. आकडा कुणीच वाचला नव्हता, साहेबांनीसुद्धा नाही.

"उद्यापासून," साहेब जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "नुसत्या पट्टीचा फोटो पाठवायचा. आभाळ अजिबात दिसता कामा नये."

काकांनी मान खाली घातली. गाड्या सुरू झाल्या, वळल्या आणि थोड्या पुढे जाऊन थांबल्या. साहेब एकटेच खाली उतरून परत आले.

"ती पाण्यातली वीज. तीही तुम्हीच?"

"हो. उलटी करून लावावी लागते."

"जोड कुठंच दिसत नाही हो!"

काकांची मान आपोआप वर आली. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि खिशातून फोन काढला. "मागच्या महिन्यात बायकोला समुद्रावर नेलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा आठ दिवस रजा घेतली, आणि आठही दिवस मळभ. बघा, सगळे फोटो असे राखेत लोळल्यासारखे."

"पण साहेब, मळभ होतं हे बाईसाहेबांना माहीत असणारच ना?"

"तिला माहीत आहे. तिच्या बहिणीला नाही."

काकांनी वही काखेत मारली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि एकवीस वर्षांच्या अनुभवी माणसाच्या थाटात विचारलं, "किती निळं करू?"

साहेबांनी क्षणभर विचार केला.

"मेहुणीला दोन दिवस जेवण गोड लागू नये, इतकं."